सावडीचे तास

इंग्लंडात काम मागायला गेलं की पहिला प्रश्न 'तुला काम येतं का' हा नसतो. 'तुला काम करायचा हक्क आहे का' हा असतो. मला पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो, भोकरदन तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीला हे विचारावं? आमच्याकडे तुम्ही जरा भिंतीला टेकलात की आतून आवाज येतो, "रिकामी बसून राह्यली का गं? ऊठ, ते पाणी भर." काम न करायचा हक्क कुठं मिळत असता तर लहानपणी सगळ्यात आधी मी जाऊन तो घेतला असता.

मी तिकडे बियाण्याचं शिकायला गेले होते. जालना जिल्ह्यातली पोरगी बियाण्याचं शिकते यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही, आमच्याकडे बियाणं कंपन्यांच्या पाट्या बघतच आम्ही मोठे होतो. कॉलेज सुरू झालं आणि हातखर्चाला काहीतरी पाहिजे म्हणून मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी आणि भाज्यांचं काम धरलं. तिथली मॅनेजर बाई स्वभावानं चांगली होती, पण नियमाला पक्की. तिनं आधी माझ्याकडून एक कोड मागितला. तो सरकारच्या वेबसाइटवरून आपणच काढून द्यायचा, मग ती तिच्या कॉम्प्युटरवर तो कोड आणि माझी जन्मतारीख टाकणार, की माझा फोटो आणि मला किती कामाची मुभा आहे ते तिच्यासमोर येणार.

फोटो आला. ती एकदा स्क्रीनकडे बघे, एकदा माझ्याकडे. पुण्याच्या व्हिसा ऑफिसात तो फोटो काढला होता, आणि त्या दिवशी घरून निघताना आईनं वाटीभर खोबरेल तेल माझ्या डोक्यात जिरवून अशी आवळून वेणी घातली होती की माझे डोळे वर ओढले गेले होते. आणि आता मॅनेजर बाईसमोर उभी होती ती केस कापलेली, थंडीनं नाक लाल झालेली, दोन स्वेटर घातलेली बाई. बराच वेळ बघून ती म्हणाली, "कान तेच दिसतात." मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिनं बोट वर करून बजावलं, कॉलेज चालू आहे तोवर आठवड्याला वीस तास, त्याच्यावर नाही. मी म्हटलं, बरं, आणि दर आठवड्याला पुरे वीस तास धरले.

वीस तास! मी खोलीवर येऊन आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एका दिसाचे का?" आठवड्याचे म्हटल्यावर ती जोरात हसली आणि शेजारच्या काकूला हाक मारून सांगायला लागली, "अय ऐकलं का, तिकडं आठवड्यातून वीसच घंटे काम करू देतेत म्हणं!" तिकडून काकूचा आवाज, "मंग आपल्यालाबी धाडा ना बाई तिकडं!" फोन माझ्या कानाला आणि त्या दोघी आपसातच बोलत बसल्या. त्या दिवशी मला घरची इतकी आठवण आली की मी जेवलेच नाही.

आमच्या गावात तेव्हा सावड होती. ज्यांनी शेती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, सावड म्हणजे आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्या वावरात येते. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. आईची सात-आठ बायकांची सावड होती. निंदणं असो, मिरची तोडणं असो, कापूस वेचणं असो, त्या सगळ्या मिळून एकीचं वावर उरकायच्या आणि मग दुसरीच्या वावरात जायच्या. ज्या घरचं वावर त्या घरानं चहा करायचा आणि भाकरीबरोबर खायला कालवण द्यायचं, बास. कुणाकडे कितीदा जायचं राहिलं, कुणाची सावड फेडायची आहे, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ असे.

आई साडीवरून बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, डोक्याला फडकं बांधायची, आणि निघताना मला हाक मारायचीच. शाळेला सुट्टी असली की माझी सुटका नसे. आईला ताप आला, आई कुठं लग्नाला गेली, तर तिच्या जागी मी. "माही लेक येईल," असं ती परस्पर कबूल करून यायची. मला विचारायची पद्धतच नव्हती. मी पाय आपटत जायचे, तोंड फुगवून एका कडेला मिरची तोडायचे, आणि संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की ताकात हात बुडवून बसायचे. दहावीच्या वर्षी मी एकदा आईशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुम्हाला फुकटचं राबायची हौस आहे, मला नाही. आई म्हणाली, "फुकट कसं गं? त्या बी येतेत ना आपल्याकडं." मी म्हटलं, कोण किती वेळ राबलं हे कोण मोजतं? तुमच्यापैकी कुणाकडे घड्याळ आहे का? ती म्हणाली, "घड्याळ कशाला लागतं? पाठ सांगती ना."

आता आमच्या गावात सावड राहिली नाही. तोडणीला बाहेरगावच्या बायका टेम्पो भरून येतात, इतक्या कामाचे इतके असं उक्तं ठरतं, संध्याकाळी हिशोब होतो आणि टेम्पो निघून जातो. त्यात वाईट काही नाही, उलट बायकांच्या हाती रोख पैसा येतो ते चांगलंच झालं. पण परवा गावाकडे गेले होते तेव्हा सकाळी उठून ओट्यावर बसले आणि मला वाटलं, आता कुणीतरी फाटकातून ओरडेल, "निघाली का न्हाई अजून? ऊन वर आलं की!" कुणी ओरडलं नाही. ज्या हाकेला मी लहानपणी शिव्या घालायचे ती हाक ऐकायला मिळावी म्हणून मी चहा गार होईपर्यंत तिथं बसून राहिले.

तर मूळ गोष्टीकडे येते. इंग्लंडात माझ्या खोलीच्या खाली एक किराण्याचं दुकान होतं. मसाले, डाळी, तांदूळ, कोथिंबीर, सगळं. दुकान हैदराबादच्या एका म्हाताऱ्या बाईचं होतं, नवरा वारलेला, लेक हैदराबादला. मी पहिल्यांदा तिथं हिरवी मिरची घ्यायला गेले आणि मिरची नाकाला लावून परत ठेवली, तर ती गल्ल्यावरून ओरडली, "क्या हुआ? नक्को क्या?" अहो, ते 'नक्को' ऐकलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. भोकरदनच्या आठवडी बाजारात बांगडीवाली अशीच बोलते. मावशी म्हणावं तसं मी तिला खाला म्हटलं, खाला, ये मिर्ची में कुछ दम नहीं. ती बाहेर आली, मला खालवर बघून म्हणाली, "किधर की है तू?" मी म्हटलं, जालना. "अगे माँ, अपने इधरकीच है!" तिच्या लेखी निजामाचं राज्य अजून गेलं नव्हतं, जालना अजून त्यातच होतं.

डिसेंबरात मी आजारी पडले. ताप असा की उठून पाणी प्यायची ताकद नाही. कॉलेजच्या पोरी सुट्टीला आपापल्या घरी गेलेल्या. दोन दिवस मी खाली दिसले नाही म्हणून खाला जिना चढून वर आली. तिचे गुडघे गेलेले, एकेक पायरीला ती अल्लाचं नाव घेत होती, ते मला आत पडल्या पडल्या ऐकू येत होतं. मग आठवडाभर तिनं मला खिचडी आणि चिंचेचं खट्टं आणून खाऊ घातलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि डॉक्टरला फोन लावून तिच्या त्या इंग्रजीत त्याच्याशी भांडली. मी बरी झाले ती तिच्यामुळं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मग मी काय करणार होते? आभार मानून गप्प बसणार होते? आमच्याकडे तसं नसतं. शनिवारी-रविवारी तिच्या दुकानात माल यायचा, खोकी उचलायला तिला जमत नव्हतं. मी आपणहून खाली गेले आणि कामाला लागले. खोकी फोडायची, डाळीच्या पिशव्या मांडायच्या, कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या जुड्या बांधायच्या. जुड्या बांधायला मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. तिनं पहिल्या रविवारी माझ्या हातात नोटा ठेवल्या तर मी तिच्यावर इतकी चिडले की तिनं पुन्हा तसं धाडस केलं नाही. उन्हाळ्यापर्यंत मी दर शनिवार-रविवार जात होते. दुकान बंद करून आम्ही दोघी मागच्या खोलीत चहा प्यायचो, ती मला तिच्या मोहल्ल्याच्या गोष्टी सांगायची, मी तिला आमच्या गावच्या. माझ्या त्या वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते विचाराल तर मी हेच सांगेन. कॉलेजनं आम्हाला दिलेल्या सूचनांत लिहिलं होतं की वीस तासांत बिनपगारी कामही धरतात. ते मी वाचलं होतं, मला कळलंही होतं. पण खालाकडे मी जात होते ती सावड होती. ते काम आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शिक्षण संपलं. एका बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं मला मुलाखतीला बोलावलं, आणि घेतलं. बियाण्याची उगवण तपासायची नोकरी. मला हवी होती तीच, तशीच. व्हिसाची जबाबदारी कंपनी घेणार होती, अर्ज भारतातूनच करायचा होता, म्हणून मी दसऱ्याच्या तोंडावर गावी आले. खालानंही त्याच सुमाराला दुकान मोडलं आणि ती लेकाकडे हैदराबादला निघून गेली. निघताना आम्ही दोघी इतक्या रडलो की टॅक्सीवाला गाडीतून उतरून लांब जाऊन उभा राहिला.

गावात माझी नोकरी पक्कीच झाली होती. बाबांनी भोकरदन-जालना एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगून ठेवलं होतं. मी गाडीत चढले की कंडक्टर म्हणायचा, "बसा मॅडम, पुढं बसा." सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. मी आईबरोबर वावरात जायचे, दोन-चार ओळी सोंगायचे, आणि बायका मला हसायच्या. "अय, इंग्लंडचं पाणी लागलं गं हिला, इळा धरता येईना!" मी पण हसायचे. मला सगळं गोड लागत होतं, कारण मी जाणार होते. जाणाऱ्या माणसाला गाव फार आवडतं, हे मी त्या दिवसांत शिकले.

एका सकाळी कंपनीची मेल आली. व्हिसाच्या आधी त्यांना माझ्या मागच्या वर्षीच्या कामाची पडताळणी करायची होती. एक कागद भरून त्याच दिवशी पाठवायचा होता आणि दुपारी त्यांची बाई फोन करणार होती. गावात आमच्या घरात नेट म्हणजे कधी आहे कधी नाही. जालन्याला मस्तगडात मामांचं स्टेशनरीचं दुकान आहे, वर घर, तिथं नेटही आणि प्रिंटरही. म्हणून मी निघाले. दसऱ्याची खरेदी राहिली आहे म्हणून आईपण निघाली.

मामांकडे पोचलो. मामीनं पोहे केले. आई कुणाच्या घरी रिकामी बसू शकत नाही, तिनं मामीकडून लसणाची परडी ओढून घेतली आणि जमिनीवर बसून लसूण सोलायला लागली. मी टेबलावर कॉम्प्युटर उघडला. कागद साधा होता. नाव, जन्मतारीख, कॉलेज, वृद्धाश्रमातलं काम, आठवड्याचे तास. सगळं भराभर लिहिलं. मग एक प्रश्न आला. कॉलेज चालू असताना कोणत्याही आठवड्यात, पगारी किंवा बिनपगारी, सगळं मिळून वीस तासांपेक्षा जास्त काम केलं का? हो किंवा नाही. हो असेल तर माहिती द्या.

माझं बोट तिथंच थांबलं. तेवढ्यात त्या बाईचा फोन आला. मी आडून विचारलं, बिनपगारी म्हणजे कसं? समजा शेजारणीच्या दुकानात हात लावला, पैसे घेतले नाहीत, तर? ती शांतपणे म्हणाली, दुकानात नेमानं जात असलात तर ते काम आहे, पैसे घेतले की नाही याचा संबंध नाही. असं काही होतं का? माझ्या तोंडून निघालं, मी बघून लिहिते. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत पाठवा. फोन ठेवून मी तो प्रश्न पुन्हा वाचला.

मी मामांना सगळं सांगितलं. मामा दुकान नोकरावर सोडून वर आले होते, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पैशे घेतले का तू?"

"नाही मामा."

"कुठं सही केली? पगारपत्रक? काही?"

"काहीच नाही."

"दुकान हाये का आता?"

"बंद झालं. खाला हैदराबादला गेली."

"मंग बिलकुल लिहायचं न्हाई. 'न्हाई' म्हणायचं, कागद पाठवायचा, इषय खतम. कोन सांगायला चाललं?" त्यांनी बाबांना फोन लावला, बाबाही तिकडून म्हणाले की मामा म्हणतात ते बराबर आहे. आणि खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं. खालाला आता कशाचा धक्का लागणार नव्हता, कुणाला कळणार नव्हतं. एक बटण दाबलं की मी विमानात. तरी बोट उचलेना. मला अजून कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की यात खोटं काही नाही. म्हणून मी आईकडे वळले.

म्हटलं, "सांग ना आई. सावड म्हणजे काय काम असतं का? आपण असंच जातो ना एकमेकींकडे?"

लसूण सोलायचा आवाज थांबला. आई म्हणाली, "काय म्हणली?"

"असंच जातो ना, म्हटलं."

"असंच?" तिनं परडी बाजूला सरकवली. "असंच जाती व्हय मी? तू पोटात होती तवा सातव्या म्हयन्यापोत जावंच्या वावरात कापूस येचला म्या. पाठ धरली, पाय सुजले, पन सावड सोडली न्हाई. तू शाळेत गेली, कालेजात गेली, तवा आपलं वावर कोन निंदलं? त्याच बायकाईनं ना? का असंच निंदल्या गेलं?"

मामा म्हणाले, "अक्का, तसं न्हाई गं. पोरीच्या नोकरीचा सवाल हाये."

"हाये ना सवाल. मला कळत न्हाई का?" आईचा आवाज चढला. "बँकेत गेल्तो खातं काढाया, तवा त्या सायबानं इचारलं, बाई काय काम करतेत? हिचे बाबा म्हणले, ती काही करत न्हाई, घरीच असती. म्या काही बोलले न्हाई. चार लोकं होते तिथं. खानेसुमारीवाला आल्ता, त्यानंबी तसंच लिहिलं. म्या म्हणलं लिहू दे, त्याला काय माहीत. आता तूबी तेच म्हणून राह्यली? येवढं शिकून आल्ती ती हे सांगाया?"

मला भयंकर राग आला. म्हटलं, "मग काय लिहू? हो लिहू? नोकरी जाईल माझी, कळतंय का तुला?"

"लिही तुला काय लिहायचं ते. म्या कुठं अडवलं? 'न्हाई' लिही, जाय इंग्लंडला, माही काही ना न्हाई." तिनं परडी परत ओढली. "पन माह्या तोंडावर सावड काम न्हाई म्हणू नको."

आणि ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मामी आत निघून गेली. मामा पंख्याकडे बघत बसले.

मी स्क्रीनकडे तोंड करून बसले, पण दिसत काहीच नव्हतं. मला आठवत होतं की कॉलेजच्या अर्जात आईचा व्यवसाय विचारला होता आणि मी क्षणाचाही विचार न करता 'गृहिणी' लिहिलं होतं. बाबांपुढं 'शेतकरी' लिहिलं होतं. माझा राग आईवर नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं, तिचं खरं होतं म्हणून मी चिडले होते. ती बाई फोनवर म्हणाली होती ते काम आहे, आई म्हणत होती ते काम आहे. ज्यांनी आयुष्यात कधी जुडी बांधली नाही असे मामा आणि बाबा, आणि मी अर्धी शिकलेली, आम्हीच काय ते 'काम नाही' म्हणत होतो. मी तर जुड्या बांधल्या होत्या. दर शनिवार-रविवार, पाठ धरेपर्यंत बांधल्या होत्या, आणि मला ते करताना फार बरं वाटलं होतं.

मी 'हो' वर टिचकी मारली. खाली लिहिलं, शेजारच्या दुकानात शनिवार-रविवार मदत, बिनपगारी, एवढे आठवडे, एवढे तास. पाठवून दिलं. मामांनी कपाळाला हात लावला आणि ते खाली दुकानात गेले.

येताना एसटीत आई खिडकीशी बसली. खरेदी केलीच नव्हती, पिशवी रिकामीच तिच्या मांडीवर. राजूरला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतूनच गणपतीला हात जोडले आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मला त्यातलं काही कळत न्हाई गं. माह्या बोलण्यानं वंगाळ तर न्हाई झालं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "तोंड लई चालतं माहं." मी तिचा हात हातात घेतला. लसणाचा वास येत होता त्याला. भोकरदन येईपर्यंत मी तो सोडला नाही.

उत्तर यायला दिवाळी जवळ आली. सोयाबीन निघालं होतं, अंगणात ताडपत्रीवर पसरलं होतं. आई सुपानं पाखडत बसली होती, अंगात बाबांचा शर्ट. बाबा ओट्यावर होते. माझा फोन वाजला, मेल आली होती. मी उभ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. मग बाबांना सांगितलं की नाही म्हणतात. बाबा पायात चप्पल घालून वावराकडे निघून गेले. ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "काय लिहिलंय, वाच."

"काय वाचायचं आता?"

"वाच तरी."

मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. तुम्ही खरं सांगितलंत त्याबद्दल आभारी आहोत. तुमची निवड योग्यच होती. पण तुम्ही शनिवार-रविवार दुकानात जे काम केलंत ते पैसे घेतले नसले तरी कामच धरलं जातं, त्यामुळं तुमचे तास ठरलेल्या मुभेच्या वर जातात. म्हणून आम्हाला तुमचा व्हिसा पुढं करता येणार नाही. वाईट वाटतं. खाली त्या बाईचं नाव आणि हुद्दा.

आईनं विचारलं, "कामच म्हणलं का त्याईनं? तसंच लिहिलंय?"

"हो. तसंच लिहिलंय."

"बिनपैशाचं होतं तरीबी?"

"हो आई, तरीबी! नोकरी गेली माझी!" मी ओरडलेच. "संपलं सगळं!"

"कळलं मला," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पदरानं पुसले तरी थांबत नव्हते. "वाईट वाटून राह्यलं गं बाई. लई वाईट वाटून राह्यलं." तिनं नाक ओढलं, हातातले सोयाबीनचे दाणे ताडपत्रीवर टाकले, आणि थोडं थांबून, जरा भीतभीतच म्हणाली, "पन ते कामाचं एकदा परत वाच ना."

मी खाली तिच्याजवळ बसले आणि ते वाक्य परत वाचलं.